बर्न्सवार्क टेकडीखालच्या दोन छावण्या: वेढा की सराव?

पार्श्वभूमी

दक्षिण स्कॉटलंडमधील डमफ्रीसशर परगण्यात, लॉकरबी गावाच्या आग्नेयेला, बर्न्सवार्क नावाची सपाट माथ्याची एक टेकडी आहे. तिची उंची तीनशे मीटरहूनही थोडी कमीच भरते, परंतु भोवतालचा अ‍ॅनंडेलचा मुलूख सखल असल्यामुळे ती दुरूनही चटकन ओळखू येते. माथ्यावर सुमारे सात हेक्टर जागेला वेढणारा लोहयुगीन तट आहे आणि टेकडीच्या दोन्ही अंगांना, एक दक्षिण उतारावर व एक उत्तरेला, अशा दोन रोमन लष्करी छावण्यांचे बांध आणि खंदक आजही गवताखाली स्पष्ट दिसतात. प्रस्तुत प्रकरण या दोन छावण्यांविषयी आहे. त्या खऱ्या वेढ्यासाठी उभारल्या होत्या की सैनिकांच्या सरावासाठी, हा वाद कित्येक दशके चालला. २०१५ आणि २०१६ मध्ये एका संशोधक गटाने तो सोडवण्यासाठी जो मार्ग निवडला, तो या लेखनाचा मुख्य विषय आहे. प्रश्न पद्धतीचा असल्यामुळे त्या मोहिमेतील हयात व्यक्तींची नावे येथे घेतलेली नाहीत.

रोमन सैन्य शत्रूच्या मुलखात मुक्कामाला थांबले की भोवती खंदक खणून, त्याची माती आतल्या बाजूला टाकून बांध घालीत असे आणि त्यावर अणकुचीदार लाकडी खुंट रोवीत असे. आत आठ-आठ सैनिकांसाठी कातडी तंबूंच्या ओळी असत. छावणीचा आकार बहुधा गोलसर कोपऱ्यांचा चौकोन असे आणि दरवाजा उघडाच ठेवून त्याच्या समोर थोड्या अंतरावर मातीचा एक सुटा, आडवा उंचवटा घातला जाई, म्हणजे चाल करून येणाऱ्याला सरळ आत घुसता येत नसे. अशा तात्पुरत्या छावण्यांच्या दोनशेहून अधिक जागा एकट्या स्कॉटलंडमध्ये ज्ञात आहेत. त्यांपैकी सखल शेतजमिनीतल्या बहुतेक नांगराखाली सपाट झाल्या असून, कोरड्या उन्हाळ्यात पिकाच्या रंगात पडणाऱ्या फरकावरून त्या फक्त विमानातून ओळखता येतात. डोंगराळ भागात मात्र नांगर पोहोचलाच नाही. शेव्हियट डोंगरातील च्यू ग्रीन आणि पेनिमुइर, पेनाइन्समधील स्टेनमोर घाटावरचे रे क्रॉस, वेल्समधील अ पिगून या ठिकाणी एक-दोन रात्रींसाठी किंवा एखाद्या मोहिमेपुरता घातलेला बांध जवळपास दोन हजार वर्षांनंतरही पायी चालत जाऊन पाहता येतो. इतक्या थोड्या दिवसांसाठी उभे केलेले काम इतकी शतके टिकावे, यात मला या विषयाचे खरे आकर्षण वाटते.

बर्न्सवार्कच्या दक्षिण छावणीत एक गोष्ट इतर छावण्यांहून वेगळी आहे. तिच्या टेकडीकडील बाजूला तीन दरवाजे असून, त्यांच्या समोरचे तीन उंचवटे नेहमीच्या मानाने फारच मोठे आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘थ्री ब्रेदरन’, म्हणजे तिघे भाऊ, म्हणतात. त्यांच्या माथ्यावर उभे राहिले की समोर थेट किल्ल्याचा दक्षिण तट येतो. हे उंचवटे दरवाजाच्या आडोशापुरते नसून बलिस्टा या दगडफेकी यंत्रांसाठी रचलेले दमदमे असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटत आले आहे. याच छावणीच्या एका कोपऱ्यात छोट्या रोमन चौकीचे अवशेषही आहेत. उत्तरेची छावणी लांबट आणि काहीशी वेडीवाकडी असून तिच्यापुढे असे दमदमे नाहीत.

विल्यम रॉय या लष्करी सर्वेक्षकाने अठराव्या शतकात काढलेल्या नकाशांमुळे ही जागा अभ्यासकांना परिचित झाली. १८९८ मध्ये येथे पहिले मोठे उत्खनन झाले आणि त्यात शिशाचे गोफणगुंडे मिळाले. लिंबाच्या किंवा ओकच्या फळाच्या आकाराचे हे ओतीव गुंडे रोमन सैन्यातील गोफणधारी सैनिक वापरीत असत. तेव्हापासून जवळजवळ सर्वांनीच येथे वेढा पडला होता असे गृहीत धरले.

अडचण

हे गृहीतक १९६० च्या दशकात डळमळीत झाले. पुरातत्त्वज्ञ जॉर्ज जोबी यांनी माथ्यावरच्या तटाचे आणि दरवाजांचे उत्खनन केले, तेव्हा तट इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकाच्या मध्याच्या सुमाराचा, म्हणजे रोमनांच्या आगमनाच्या कित्येक शतके आधीचा निघाला. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, गोफणगुंडे ज्या थरात पडले होते तो थर तट ढासळल्यानंतरचा होता. गुंडे पडले तेव्हा जर तट आधीच मोडकळीस आला असेल, तर आत लढायला कोण होते? यातून दुसरे स्पष्टीकरण पुढे आले. ओसाड पडलेला किल्ला रोमनांनी चांदमारीसाठी वापरला, खाली छावण्या घातल्या, दमदमे रचले आणि नव्या सैनिकांकडून पडक्या दरवाजांवर नेम धरण्याचा सराव करून घेतला, असे ते स्पष्टीकरण होते. रोमन सैन्य सरावाच्या छावण्या घालीत असे यात शंका नाही. वेल्समधील लँड्रिंडॉडच्या माळावर अशा लहान लहान छावण्यांचा समूहच आहे.

हे स्पष्टीकरण इतके पटण्याजोगे होते की पुढील काही दशके पाठ्यपुस्तकांतही तेच राहिले. त्याला वुडन लॉ या दुसऱ्या डोंगरी किल्ल्याचाही आधार मिळाला. पेनिमुइरच्या रोमन छावण्यांजवळच्या त्या टेकडीभोवतीचे बांध सरावाच्या वेढ्याचेच आहेत असे मानले जात होते. मात्र नंतरच्या कामात वुडन लॉचे ते बांध किल्ल्याच्या मूळ रहिवाशांचेच असल्याचे दिसून आले आणि बर्न्सवार्कचे उदाहरण एकटे पडले.

वरवर पाहता एका टेकडीपुरता असलेला हा वाद इतका महत्त्वाचा ठरतो, याचे कारण काळाशी जोडलेले आहे. रोमन सम्राट हेड्रियनने इ.स. १२२ च्या सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये भिंत बांधायला घेतली. त्याच्यामागून आलेल्या अँटोनायनस पायसने ती सोडून सैन्य उत्तरेकडे नेले आणि १४२ च्या सुमारास फोर्थ व क्लाइड या खाड्यांच्या दरम्यान नवी भिंत घालायला सुरुवात केली. क्विंटस लोलियस अर्बिकस या सुभेदाराने ब्रिटनांचा पराभव केला, एवढा त्रोटक उल्लेख सोडला तर या चढाईविषयी लेखी पुरावा जवळजवळ नाही. चढाई रक्तपाताने झाली की सीमा नुसती सरकवली गेली, हे ठरवायला साधनच नव्हते. हेड्रियनच्या भिंतीकडून उत्तरेला जाणाऱ्या पश्चिमेकडील मार्गावर, बिरेन्सच्या रोमन ठाण्यापासून थोड्याच अंतरावर बर्न्सवार्क उभे आहे. येथे खरी लढाई झाली असेल, तर त्या चढाईचे चित्रच बदलते.

समोर असलेले पर्याय

पहिला आणि सर्वांत सरळ पर्याय मोठे उत्खनन हा होता. माथ्यावर दुसऱ्या शतकात वस्ती होती का, हे शेवटी जमीन उघडूनच कळू शकते. पण ही संरक्षित पुरातत्त्वीय जागा आहे आणि तेथे खणायला किंवा मेटल डिटेक्टर फिरवायलाही शासनाची परवानगी लागते. शिवाय उत्खनन म्हणजे पुरावा एकदाच वाचून कायमचा संपवणे असते. १८९८ मध्ये उचललेल्या गुंड्यांची नेमकी जागा नोंदली गेली नाही, म्हणून आज ते संग्रहालयात हाताळता येतात, परंतु कोण कुठे उभा राहून कुणावर ते फेकत होता, हे ते सांगू शकत नाहीत. तीच गत पुन्हा होण्याचा धोका होता.

दुसरा पर्याय होता जुन्या नोंदी पुन्हा तपासण्याचा. तो खर्चाचा नव्हता आणि काही अभ्यासकांनी तो वापरून वेढ्याची बाजू पुन्हा मांडलीही होती. त्यांचे म्हणणे असे की, ढासळलेला तट म्हणजे रिकामा किल्ला नव्हे. संकटात लोक पडक्या तटामागेही आश्रय घेतात आणि त्या तटावर लाकूड किंवा दगड रचून त्याला तात्पुरता आडोसा करतात. हा युक्तिवाद मला पटतो, परंतु त्याने वाद मिटू शकत नव्हता, कारण दोन्ही बाजूंच्या हाती तेच मोजके खड्डे आणि तेच मोजके गुंडे होते.

तिसऱ्या पर्यायाची बीजे रणभूमीच्या अभ्यासात होती. लढाईच्या जागेवर सापडणाऱ्या गोळ्यांचा एकेकटा अर्थ फारसा नसतो. त्यांची पांगण, म्हणजे कुठे किती दाट आणि कुठे किती विरळ पडल्या, ती बोलते. सराव असेल तर गुंडे ठरलेल्या लक्ष्याभोवती, बहुधा दरवाजांपाशी, गोळा झालेले दिसतील. खरी लढाई असेल तर ते तटाच्या लांबीभर पडतील आणि जेथून बचाव करणारे निसटायचा प्रयत्न करतील तेथेही पडतील. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे गोफणीचे दगड शेताच्या ज्या कोपऱ्यात जास्त पडलेले दिसतात, त्यावरून पाखरे कुठे उतरत होती हे दुसऱ्या दिवशीही सांगता येते. येथील तर्क त्याच जातीचा आहे.

घेतलेला निर्णय आणि केलेली कृती

संशोधक गटाने तिसरा पर्याय निवडला, परंतु त्यातही महत्त्वाचा निर्णय पुढचा होता. सामान्यतः मेटल डिटेक्टरने इशारा दिला की तेथे खणून वस्तू बाहेर काढली जाते. येथे बहुतेक इशारे न खणताच नोंदवायचे ठरले. शिशाचा प्रतिसाद लोखंडाहून वेगळा ओळखता यावा अशा रीतीने यंत्रे खास जुळवून घेण्यात आली, प्रत्येक इशाऱ्याची जागा मोजून नकाशावर टाकण्यात आली आणि वाचन बरोबर आहे की नाही याची पडताळणी करण्यापुरतेच निवडक ठिकाणी छोटे चर खणण्यात आले. अडीच हजारांहून अधिक इशारे नोंदले गेले, चर मात्र ९४ घेतले गेले. त्यांतून चारशेहून अधिक गोफणगुंडे आणि बलिस्टाचे दोन दगडी गोळे मिळाले. प्रत्येक गुंडा कोणत्या जागी आणि किती खोल होता, याची नोंद झाली.

मला या निर्णयात दोन गोष्टी विशेष मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, प्रश्न आधी ठरला आणि साधन नंतर. ‘येथे काय सापडेल’ असे न विचारता ‘सराव असेल तर पांगण कशी दिसेल आणि वेढा असेल तर कशी’ असे विचारले गेले, म्हणून नुसत्या इशाऱ्यांच्या नकाशालाही उत्तराचे मूल्य आले. दुसरी अशी की, जमिनीतला बहुसंख्य पुरावा जमिनीतच राहिला. उद्या अधिक चांगले यंत्र आले किंवा कुणाला हा निष्कर्ष तपासून पाहावासा वाटला, तर त्याच्यासाठी तो शिल्लक आहे. पुरातत्त्वात हा संयम बोलण्यात फार असतो, प्रत्यक्षात तितका आढळत नाही.

निवडलेल्या गुंड्यांच्या धातूचीही तपासणी झाली आणि आकारानुसार त्यांची प्रतवारी करण्यात आली. त्यातच या प्रकरणातील सर्वांत अनपेक्षित भाग पुढे आला. लिंबाच्या आकाराचे मोठे गुंडे सुमारे साठ ग्रॅमपर्यंत भरत होते आणि ओकफळाच्या आकाराचे त्यांच्या जोडीला होते. याशिवाय तिसरा एक लहान प्रकार होता, वजनाला जेमतेम तीस ग्रॅमचा, आणि त्याच्या अंगात सुमारे पाच मिलिमीटरचे भोक मुद्दाम पाडलेले होते. विष भरण्यासाठी हे भोक असावे का, असाही विचार झाला. परंतु तशाच प्रतिकृती करून गोफणीतून फेकून पाहिल्यावर त्या हवेतून जाताना घोंघावणारा, शिट्टीसारखा आवाज करतात असे आढळले. लहान असल्यामुळे असे तीन-चार गुंडे एकाच वेळी गोफणीत घालून जवळच्या शत्रूवर फेकता येतात, हेही दिसून आले.

हाती आलेले निष्कर्ष

गुंड्यांची पांगण दरवाजांपुरती मर्यादित नव्हती. किल्ल्याच्या दक्षिण तटाच्या साधारण अर्धा किलोमीटर लांबीवर ते पडलेले होते आणि त्यांची सर्वाधिक दाटी तिघा भावांच्या नेमक्या समोर होती. उत्तरेच्या बाजूलाही कमी दाटीचा एक पट्टा आढळला. दक्षिणेकडून मारा झाल्यावर माणसे ज्या बाजूने निसटू पाहतील ती हीच बाजू, असे त्याचे स्पष्टीकरण गटाने दिले. लक्ष्यावर नेम धरण्याच्या सरावात असा विस्तार पडण्याचे कारण नाही.

याला शिशाच्या व्यवहाराची जोड देता येते आणि माझ्या मते हा मुद्दा पांगणीइतकाच वजनदार आहे. शिसे हा खाणीतून काढावा लागणारा, वाहून आणावा लागणारा आणि पुन्हा सहज वितळवता येणारा धातू आहे. सरावासाठी दगड किंवा भाजलेल्या मातीचे गुंडे पुरेसे होते, आणि शिशाचे वापरले तरी कवायत संपल्यावर ते वेचून घेणे हीच कुठल्याही शिस्तबद्ध सैन्याची रीत असणार. शेकड्यांनी गुंडे जमिनीत तसेच राहिले, याचा अर्थ ते वेचण्याची सवड किंवा इच्छा तेथे उरली नव्हती. भोकांच्या गुंड्यांचेही तसेच आहे. छोट्याशा गुंड्याला भोक पाडण्याचे कष्ट घेतले, ते ऐकायला समोर कुणीतरी असल्याशिवाय व्यर्थ जातात.

या सगळ्यावरून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, बर्न्सवार्कवर खरा आणि अतिशय जोरदार हल्ला झाला आणि तो अँटोनायनस पायसच्या काळातील चढाईचा आरंभीचा टप्पा असावा. अर्बिकसचा पूर्वेतिहास या चित्राशी जुळतो. हेड्रियनच्या काळात जूडियातील (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईन भागातील) बंडाविरुद्धच्या मोहिमेत तो अधिकारी होता, हे त्याच्या जन्मगावाजवळ, उत्तर आफ्रिकेत सापडलेल्या शिलालेखावरून समजते. म्हणजे डोंगरावर आश्रय घेतलेल्या शत्रूला वेढण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या पिढीचा हा माणूस होता.

वाद मात्र पूर्ण संपलेला नाही आणि तो संपला असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोमनांनी वेढलेल्या, जूडियातील मसाडा या डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी छावण्यांना जोडणारी आणि सगळ्या डोंगराला वेढणारी भिंत आजही दिसते. बर्न्सवार्कला अशी ठळक वेढाभिंत दिसत नाही. ज्यांना सरावाचे स्पष्टीकरण अजून योग्य वाटते ते याकडे बोट दाखवतात, आणि हल्ल्यानंतर तीच जागा सरावाला वापरली गेली असण्याची शक्यताही मांडली जाते. माझे मत असे की, वेढाभिंतीचा मुद्दा निर्णायक नाही. मसाडाचा वेढा महिनोन्‌महिने चालण्याच्या तयारीने घातला होता, तर येथे दोन बाजूंना छावण्या टाकून, दमदम्यांवरून व गोफणींनी मारा करून थोडक्यात निकाल लावण्याचा बेत असू शकतो. पण दक्षिण आणि उत्तर छावण्या एकाच वेळी वापरात होत्या हे जमिनीतून सिद्ध होत नाही, तोवर हे मतच राहील.

वेगळे काय करता आले असते

पहिली उणीव पद्धतीतच दडलेली आहे. शिशासाठी जुळवलेले यंत्र शिसेच दाखवते. दगडी गुंडे, लाकडी बाण आणि बचाव करणाऱ्यांनी वरून फेकलेले साधे धोंडे त्याला दिसत नाहीत. परिणामी नकाशावर फक्त हल्ला करणारे उमटले, ज्यांच्यावर हल्ला झाला ते उमटले नाहीत. निवडक पट्ट्यांत तटाच्या उतारावरच्या गोलसर नदीकाठच्या दगडांची नोंद केली असती, तर माथ्यावरच्या माणसांचा काही मागोवा लागला असता. असे दगड टेकडीवर आपोआप येत नाहीत, कुणीतरी ते वाहून आणावे लागतात.

दुसरा मुद्दा काळाचा आहे. गुंड्यांचे शिसे आणि आकार दुसऱ्या शतकाकडे निर्देश करतात, पण माथ्यावर त्याच काळात माणसे राहत होती हे वेगळ्या पुराव्याने दाखवावे लागते. या डोंगराळ भागातील आम्लधर्मी मातीत हाडे विरघळून जातात, त्यामुळे मृतांचे अवशेष मिळण्याची आशा कमी आहे. कोळसा मात्र अशा मातीत टिकतो. गुंड्यांच्या दाट पट्ट्यामागे, तटाच्या आतल्या बाजूला दोन-तीन अरुंद चर घेऊन जळालेल्या थरातील कोळशाची कार्बन कालगणना केली असती, तर मोठ्या उत्खननाची हानी टाळून सर्वांत कळीच्या प्रश्नाला भिडता आले असते. गटाचा संयम मला मान्य आहे, परंतु या एका ठिकाणी तो थोडा सैल करणे योग्य ठरले असते असे मला वाटते.

स्वित्झर्लंडच्या आल्प्समधील घटना येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. तेथे क्राप सेस या घळीत इ.स.पूर्व १५ च्या सुमारास झालेल्या चकमकीची जागा आधी माहीत होती. २०२३ मध्ये लेसर सर्वेक्षणातून तिच्या वर कोल्म ला रुंगा या शिखरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर, तीन खंदक आणि तटबंदी असलेली रोमन छावणी ओळखली गेली. तेथील गोफणगुंड्यांवर तिसऱ्या लीजनची, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या दलाची, मोहोर मिळाली आणि खालच्या घळीतही त्याच लीजनचे गुंडे असल्यामुळे छावणी व लढाई यांचा परस्परसंबंध जोडता आला. बर्न्सवार्कच्या गुंड्यांवर अशी अक्षरे नाहीत, म्हणून तेथे हा दुवा धातूच्या परीक्षणावरच उभा करावा लागतो. दक्षिण आणि उत्तर बाजूंचे गुंडे एकाच ओतकामातील आहेत का, ही तपासणी अधिक मोठ्या संख्येवर झाली, तर दोन्ही छावण्यांतून मारा एकाच मोहिमेत झाला की वेगवेगळ्या वेळी, याचा निवाडा खणल्याशिवायही पुष्कळसा होऊ शकेल. त्यासाठी लागणारे गुंडे चरांतून आधीच वर आलेले आहेत, आणि त्यांच्या जागा नकाशावर आहेत.